निघण्याआधी पोचणारं विमान

ठिपकी आली खरी, पण आल्याबरोबर गपचूप कबुतरांच्या ढाबळीत शिरली असती तर ती ठिपकी कसली! चारशे अठरा किलोमीटर उडून आलेल्या बाईसाहेब आधी पाण्याच्या टाकीवर बसल्या आणि एकेक पीस विंचरत बसल्या. जणू कुणी बघायलाच येणार होतं.

"ये गं माझी राणी, ये," आत्या दाण्यांचा डबा खुळखुळवत म्हणाली. आवाज मधाचा, पण चेहरा असा की हातात पाना असता तर तिने टाकीच उपटून काढली असती.

"आत्या, दीड मिनिट झालं!"

"दिसतंय मला. ओरडू नकोस, बुजेल ती."

"मी कुठे ओरडतेय?" भाची ओरडली.

ही भाची दहावीत होती आणि शाळेत तिला पुटपुटी म्हणत. कारण गेल्या वर्षापर्यंत ती उत्तर द्यायला उभी राहिली की पहिल्या बाकालाही ऐकू जायचं नाही. मग सहामाहीनंतर गणिताच्या बाईंनी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि अख्ख्या वर्गाला एक गणित समजावायला लावलं. वर्गाला ते समजलं. तिला स्वतःलाच धक्का बसला. त्या दिवशी जे तोंड उघडलं ते मिटायचं नावच घेईना. नाव मात्र पुटपुटीच राहिलं, कारण नावं काही गणितासारखी सुधारता येत नाहीत.

शेवटी ठिपकीला भूक लागली. ती ढाबळीच्या फळीवर उतरली, आत्याने अलगद तिला धरलं, पायातलं रबरी कडं काढलं आणि कबुतर मंडळाच्या शिक्काबंद घड्याळात टाकून कळ फिरवली. खट्! आतल्या कागदावर वेळ छापली गेली. अकरा वाजून चौदा मिनिटं.

"आता देवाच्या हातात," आत्या म्हणाली.

"देवाच्या नाही, भागाकाराच्या," पुटपुटी म्हणाली.

खरं होतं तिचं. कबुतरांच्या शर्यतीत सगळी कबुतरं एकाच ठिकाणाहून सोडतात, पण प्रत्येक कबुतर उडतं आपापल्या घरी. घरं वेगवेगळ्या अंतरावर. म्हणून जे आधी पोचलं ते जिंकलं असं नसतं. अंतर भागिले वेळ, मिनिटाला किती मीटर उडालं, त्यावर निकाल. आणि यंदा तर मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच कबुतरं शेजारच्या देशातून सोडली होती, थेट पलीकडच्या मोठ्या शहरातून. जनावरांच्या डॉक्टरांचे दाखले, सीमेवरचे शिक्के, ट्रकवाल्या मामांच्या ट्रकमध्ये कबुतरांच्या टोपल्याच टोपल्या, नुसती धांदल उडाली होती. रस्त्याने जायला ट्रकला अकरा तास लागले. यायला ठिपकीला किती लागले, तोच तर प्रश्न होता.

आत्या धंद्याने वायरमन. शहरातल्या निम्म्या घरांचे फ्यूज तिने बसवलेले, म्हणून सगळे तिला वायरमनबाई म्हणत. कबुतर मंडळात ती एकटीच बाई आणि तिची ढाबळ सगळ्यात लांब, शहराबाहेरच्या नव्या वस्तीत. नऊ वर्षं ती शर्यतीत उतरत होती आणि नऊ वर्षांत एकदाही पहिली आली नव्हती. ठिपकी आता सहा वर्षांची झाली होती. एवढ्या लांबच्या उड्डाणाला तिला यापुढे पाठवायचं नाही, असं आत्याने स्वतःच ठरवलं होतं. म्हणजे ठिपकीचा चषक आज, नाहीतर कधीच नाही. हे आत्या तोंडाने बोलली नव्हती, पण सकाळपासून तिने तीन वेळा एकच स्क्रू पिळला होता.

*

मंडळाची बैठक घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत भरायची. घड्याळजी मंडळाचे चिटणीस. खोलीच्या चारही भिंतींवर घड्याळं, मोजून सत्तावीस, आणि एकाचाही सेकंद इकडचा तिकडे नाही. तास पडला की सत्तावीस टोल एकदम असे पडायचे की नवख्या माणसाच्या हातातला कप सुटायचा.

चार वाजले, टोल पडले, आणि घड्याळजींनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून निकाल वाचला.

"कबुतरं सुटली सात वाजता. पत्रावर ट्रकवाल्यांची आणि तिथल्या मंडळाच्या माणसाची सही आहे, फोटो मला आला आहे. पहिला क्रमांक, बेकरीवाले. अंतर चारशे बारा किलोमीटर, आगमन अकरा दहा. वेळ अडीचशे मिनिटं. वेग मिनिटाला सोळाशे अठ्ठेचाळीस मीटर."

टाळ्या पडल्या. बेकरीवाले उठून उभे राहिले. अंगाने पावासारखे फुगीर आणि आनंद झाला की आणखी फुगायचे.

"दुसरा क्रमांक, वायरमनबाई. चारशे अठरा किलोमीटर, आगमन अकरा चौदा. वेळ दोनशे चोपन्न मिनिटं. वेग सोळाशे पंचेचाळीस पूर्णांक सात."

मिनिटाला अडीच मीटरसुद्धा नाही! टाकीवरचं ते दीड मिनिट पुटपुटीच्या डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

"वायरमनबाई, तुमची लाईन थोडक्यात तुटली हो," बेकरीवाले म्हणाले.

"तुमची भट्टी चांगली तापलीय, शेकून घ्या," आत्या हसून म्हणाली आणि स्वतः उठून त्यांचं अभिनंदन करून आली. परत येऊन बसली तेव्हा मात्र तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

मंडळाचा एक जुना नियम होता. निकाल वाचला की चहा. शेवटचा कप खाली ठेवेपर्यंत कुणालाही हरकत घेता येते. कप खाली टेकला, की निकालावर सही आणि हरकतीचं दार बंद. का, ते कुणाला माहीत नव्हतं. बहुधा पूर्वी कुणीतरी चहा गेल्यावर भांडण काढलं असावं.

"काय वेग होता गं," आत्या कपात बघत हळूच म्हणाली. "ताशी नव्याण्णव किलोमीटर. वारा समोरून असताना. माझी ठिपकी कधी ऐंशीच्या वर गेलेली नाही."

"मग कसं शक्य आहे?"

"झालं असेल. म्हातारपणी चेव आला असेल."

पुटपुटीला हे पटेना. ठिपकीला चेव आला असेल, पण मग बेकरीवाल्यांच्या तुफानलाही आला? सगळ्यांनाच आला? तिने आधी ठरवलं की अंतर चुकलं असणार. फोन काढला आणि दोन शहरांची नावं टाकून शोधलं. उड्डाणाचं अंतर, चारशे चौदा किलोमीटर. दोनचार किलोमीटर इकडेतिकडे, पण मंडळाच्या आकड्यांशी जुळत होतं. विमानाला लागणारा वेळ, पंचावन्न मिनिटं. आणि खाली आजचं विमान: तिकडून सुटणार नऊ वाजता, इकडे पोचणार आठ पंचावन्नला.

ती हसलीच. निघण्याआधीच पोचणारं विमान! छपाईची चूक, दुसरं काय. मग तिने त्याखालची बारीक ओळ वाचली आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं. वेळेतला फरक: एक तास. तिथली घड्याळं एक तास पुढे.

सात वाजता सोडली. सात. पण कुणाच्या घड्याळात?

"आत्या," ती म्हणाली, आणि यावेळी खरंच पुटपुटली. "तिथे सात वाजतात तेव्हा इथे सहा असतात."

आत्याने फोनकडे बघितलं, मग भाचीकडे. "असतील. पण मी हरल्यावर खुसपट काढणारी बाई नाही. चहा पी."

पुटपुटीने कप एका हातात धरून ठेवला आणि प्यायलाच नाही. आजूबाजूला कप खाली टेकायला लागले. टक्. टक्. दुसऱ्या हाताने तिने वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर भागाकार मांडला, खोडला, पुन्हा मांडला. चहावर साय धरली.

"काय गं पोरी, कप उबवतेस का? पिल्लू निघणार नाही त्यातून," बेकरीवाले म्हणाले. सगळे हसले. सगळ्यांचे कप खाली गेले होते. घड्याळजींनी पेनाचं टोपण काढलं.

"माझी हरकत आहे," पुटपुटी म्हणाली.

शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

*

"वेळ चुकीची धरलीय," तिने एका दमात सांगून टाकलं. "तिथली घड्याळं एक तास पुढे आहेत. ट्रकवाल्या मामांनी सात लिहिले ते तिथले सात. म्हणजे आपले सहा."

घड्याळजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी सावकाश सत्तावीस घड्याळांवरून नजर फिरवली, जणू त्यांच्यापैकी कुणीतरी फितूर झालं होतं. "आजवर आपण सीमेपलीकडून सोडलीच नव्हती," ते म्हणाले. "मी... थांबा, विचारू या."

त्यांनी ट्रकवाल्या मामांना फोन लावला. परतीचा माल भरायला मामा तिथेच थांबले होते. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"मामा, तुमच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत?"

"का, तुमच्याकडे घड्याळजी वारले की काय?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"अहो, मीच बोलतोय! वेळ सांगा."

"पाच वीस. सीमा ओलांडली की पहिलं काम, घड्याळ तिथलं करून घेतो. नाहीतर जेवायला कधी बसायचं ते कळत नाही."

भिंतीवर सत्तावीस घड्याळं चार वीस दाखवत होती. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

घड्याळजींनी फोन ठेवला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. चूक झाली, कबूल. पण निकालात त्याने काय फरक पडणार? एक तास चुकला तर तो सगळ्यांचाच चुकला. सगळ्यांच्या वेळेत साठ मिनिटं घाला. पुढचा तो पुढे, मागचा तो मागे."

"बरोबर," बेकरीवाले म्हणाले. "सगळ्या पावांना सारखंच मीठ कमी पडलं, तर मोठा पाव काही लहान होत नाही."

खोलीभर माना डोलल्या. आत्याचीसुद्धा.

"बैल गेला नि झोपा केला," मागून कुणीतरी म्हणालं. "बस पोरी, कप ठेव."

"शिवाय," घड्याळजी जरा ओशाळूनच म्हणाले, "हरकत सभासदाने घ्यावी लागते. तू सभासद नाहीस, बाळ."

आता सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्याला भांडण आवडत नसे. लोकांच्या घरातल्या वायरी दुरुस्त करताना नवराबायकोची भांडणं शिडीवरून ऐकून ऐकून तिला त्याचा वीट आला होता. तिने भाचीच्या हातातला थंड कप बघितला. वही बघितली. खोडून पुन्हा मांडलेला भागाकार बघितला.

"तुला खात्री आहे?" तिने विचारलं.

"शंभर टक्के."

"मला काहीच कळलेलं नाही, हे लक्षात ठेव."

"कळेल. मी सांगते ना."

आत्या उठली. वायरमनच्या जाड बुटांचा आवाज झाला. "हरकत माझी," ती म्हणाली. "गणित हिचं. ऐका."

*

पुटपुटी खोलीतल्या फळ्यापाशी गेली. तिने खडू उचलला.

"भागाकार राहू द्या," ती म्हणाली. "आपण एक खेळ करू. काका, तुमचा तुफान अकरा दहाला तुमच्या गच्चीवर आला. समजा तो तिथे थांबलाच नाही. त्याच वेगाने तसाच पुढे उडाला, सरळ आमच्या गच्चीपर्यंत. किती अंतर?"

"सहा किलोमीटर," बेकरीवाले म्हणाले. "पण माझा तुफान तुमच्या गच्चीवर कशाला येईल?"

"ठिपकीला बघायला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि खोली खो खो हसली.

"येऊ दे," पुटपुटी म्हणाली. "तो मिनिटाला सोळाशे अठ्ठेचाळीस मीटर उडतो असं धरलं, तर सहा किलोमीटरला लागतात तीन मिनिटं अडतीस सेकंद. म्हणजे तो आमच्याकडे येणार अकरा तेरा अडतीसला. ठिपकी आली अकरा चौदाला. तुफान बावीस सेकंद आधी. तुम्ही जिंकलात."

"तेच तर म्हणतोय मी!"

"पण काका, तुफान इतका वेगात उडालाच नाही! अडीचशे मिनिटं उडाला असं आपण समजत होतो, तो उडाला तीनशे दहा मिनिटं. म्हणजे सावकाश उडाला. मिनिटाला तेराशे एकोणतीस मीटर. मग हे उरलेले सहा किलोमीटरही तो सावकाशच जाणार ना?"

खडू फळ्यावर करकरला.

"चार मिनिटं एकतीस सेकंद. तो आमच्या गच्चीवर येणार अकरा चौदा एकतीसला." तिने ठिपकीच्या वेळेखाली रेघ मारली, इतकी जोरात की खडू मोडला. "तेव्हा ठिपकीला येऊन एकतीस सेकंद झालेले असतात. तेही दीड मिनिट टाकीवर नटूनथटून!"

सत्तावीस घड्याळं टिकटिकत होती. पुटपुटीला एकदम वाटलं, आपण कुठेतरी चुकलो असणार, आता कुणीतरी उठून ते दाखवणार आणि आत्या उद्यापासून या खोलीत पाऊल टाकू शकणार नाही.

पहिले उठले ते बेकरीवाले. टेबलावरची पेन्सिल उचलली, निकालाचा कागद उलटा केला आणि स्वतः भागाकार करायला लागले. पहाटे पिठाची मापं मोजणारा माणूस. आकडा कुणाच्या तोंडून घ्यायची सवयच नव्हती. ओठ हलत होते, कपाळाला घाम आला होता. चारशे अठरा हजार भागिले तीनशे चौदा. तेराशे एकतीस. चारशे बारा हजार भागिले तीनशे दहा. तेराशे एकोणतीस. त्यांनी दुसऱ्यांदा केलं. मग पेन्सिल कानावर ठेवून दिली आणि पावातली हवा निघावी तसे खुर्चीत बसले.

"दोन मीटर," ते म्हणाले. "दोन मीटरने गेलं की हो माझं."

"काका, तुफानसुद्धा छान उडाला," पुटपुटी म्हणाली, कारण तिला ते खरंच वाटलं.

"ते मला माहीत आहे, तू नको सांगूस," बेकरीवाले म्हणाले. पण रागाने नाही. मग घड्याळजींकडे वळून ते जरा मोठ्यानेच म्हणाले, "बघताय काय? खोडा ना माझं नाव! माझ्याच कागदावर मी खोटा चषक घेऊन जाऊ की काय?"

घड्याळजींनी निकालाचा नवा कागद घेतला. सुटण्याची वेळ लिहिली, सहा. त्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'आपल्या घड्याळाप्रमाणे'. चूक घड्याळजीची, घड्याळांची नाही, असंही कागदावर लिहायचं का, हे ते विचारत होते. आत्या म्हणाली, काही गरज नाही, लोकांना तेवढं समजतं. मग त्यांनी उभं राहून नव्याने वाचलं. पहिला क्रमांक, वायरमनबाई. अंतर चारशे अठरा किलोमीटर. वेळ पाच तास चौदा मिनिटं. पंधरा जणांच्या टाळ्या त्या छोट्या खोलीत अशा घुमल्या की दुकानातलं गिऱ्हाईक मागे काय झालं ते बघायला आलं.

आत्या उभी राहिली. विजेचा धक्का बसला तरी जी बाई "अगं बाई" एवढंच म्हणून पुढचा स्क्रू काढायची, तिच्या तोंडात मिठाची गुळणी! शेवटी ती म्हणाली, "ठिपकीचं अंडं तिच्या आईने टाकून दिलं होतं. मी बल्बखाली उबवलंय. सगळे म्हणाले होते, हे पिल्लू उडायचं नाही." आणि खाली बसली. एवढंच भाषण. पुटपुटीने इतकं चांगलं भाषण शाळेच्या स्नेहसंमेलनातही ऐकलं नव्हतं.

निघताना घड्याळजींनी तिला थांबवलं. "पुढच्या वर्षी वेळेचं पत्रक तू तपासशील का? सही करून?"

"सभासद नाही ना मी," ती डोळे मिचकावत म्हणाली.

"मग अर्ज दे. वयाची अट मी बघितलीय, नाहीच आहे कुठे लिहिलेली."

बाहेर आत्याच्या स्कूटरवर पुढे अवजारांची पेटी होती, म्हणून चषक पुटपुटीच्या मांडीवर आला. भोपळ्याएवढा होता आणि हनुवटीला टोचत होता. घराचा रस्ता उजवीकडे होता. आत्याने स्कूटर डावीकडे वळवली.

"आत्या, घर तिकडे!"

"माहीत आहे मला."

ती बाजारपेठेतून गेली, बेकरीवरून गेली, मग शाळेवरून, मग ज्या ज्या रस्त्यावर तिने मीटर बसवले होते त्या सगळ्या रस्त्यांवरून. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने चषकाकडे मान करून विचारलं, "शर्यत कोण जिंकलं?"

"ठिपकी," आत्या म्हणाली. "आणि जिंकली हे हिने शोधून काढलं. भाची आहे माझी. दहावीत आहे."

"अरे वा! कसली शर्यत?"

आत्या सांगायला लागली. तिथून इथे चारशे अठरा किलोमीटर, विमानाला पंचावन्न मिनिटं, ट्रकला अकरा तास. तिथली घड्याळं तासभर पुढे. ते सहा किलोमीटर, ते बावीस सेकंद आणि एकतीस सेकंद, एकही आकडा न चुकता, जणू सगळं तिनेच मांडलं होतं. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. रिक्षावाल्याला काही कळलं असेल असं वाटत नाही, पण तो मान डोलावत राहिला. मागून पुटपुटीच्या लक्षात आलं की आत्याला गणित पुरतं समजलं होतं.

मग सिग्नल परत हिरवा झाला. समोरचा रस्ता मोकळा होता, चिटपाखरूही नव्हतं. तरी आत्याने हॉर्न वाजवला, चांगला लांबलचक.